परीक्षा मुलांची, कसोटी घराची

(दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी झालेल्या कुटुंब प्रबोधन मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित पाठ)



दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि पेढ्यांचा डबा रिकामा होण्यापूर्वीच घराघरांत एक बैठक बसते. वडील, आई, एखादे काका, शेजारच्या इमारतीतील एक अनुभवी पालक असे सारे जमतात. टेबलावर चार-पाच रंगीत माहितीपत्रके पसरलेली असतात. प्रत्येक पत्रकावर हसऱ्या मुलामुलींची छायाचित्रे आणि त्यांखाली ठळक अंकांत त्यांचे गुण. ज्याच्यासाठी ही बैठक भरलेली असते तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा ती मुलगी बहुधा कोपऱ्यात गप्प बसलेली असते. बैठकीपुढे विषय एकच: ‘क्लास कोणता लावायचा?’

हा प्रश्न चुकीचा आहे असे नव्हे. तो आधी विचारला जातो, हे चुकीचे आहे. या दोन वर्षांत घराने काय करायचे, हा खरा पहिला प्रश्न. क्लासचे शुल्क भरले की घराची जबाबदारी संपली, अशी एक समजूत मध्यमवर्गात रुजली आहे. शिकवणीवर्ग विषय शिकवू शकेल, सराव करवून घेऊ शकेल. परंतु सोळाव्या वर्षी मनाला जी बैठक लागते, सत्यासत्याची जी जाण लागते आणि अपयश पेलण्याचे जे बळ लागते, ते विकत मिळत नाही. ते घरातच घडते किंवा घडायचे राहून जाते.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनाला आवरण्याचे दोन उपाय सांगितले आहेत: एक अभ्यास आणि दुसरा वैराग्य. अर्जुनाची अडचण आणि आजच्या अकरावीच्या विद्यार्थ्याची अडचण यांत तत्त्वतः फारसे अंतर नाही. मन ठरत नाही, ही दोघांचीही तक्रार आहे. आपल्या घरांत पहिल्या उपायाचा घोष चालतो आणि दुसऱ्याचा विसर पडतो. त्यामुळे पहिलाही नीट साधत नाही.

परीक्षेचे खरे स्वरूप

ज्या लढाईत मुलाला उतरवायचे, तिचा भूगोल पालकांना ठाऊक असावा. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून १५० प्रश्न, तीन तास आणि २०० गुण. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, बाकीच्यांना एकेक. अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणून या परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडू नये, एवढी साधी गोष्टही अनेक मुलांना शेवटच्या आठवड्यात कळते.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत २०२५ साली १८० प्रश्न आणि ७२० गुण होते. त्यांपैकी निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. त्या वर्षी सुमारे २२ लाख विद्यार्थी या परीक्षेला बसले आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आतबाहेर होत्या. म्हणजे दर अठरा जणांमागे एक जागा, आणि तीही सरकारी व खासगी महाविद्यालये एकत्र धरून. हे गणित पालकांनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावे. ते मुलाला घाबरवण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या अपेक्षांना वेसण घालण्यासाठी.

‘जेईई मेन’ जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते. तीतून वरचे अडीच लाख विद्यार्थी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ला पात्र ठरतात आणि त्यांच्यातून देशातील २३ आयआयटींचे प्रवेश होतात. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ देण्याची संधी लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा मिळते. तथापि आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, अशी अट असते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ती ६५ टक्के आहे. ‘बोर्डाला आता काही अर्थ राहिला नाही’ असे जे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी ही अट एकदा वाचावी.

खोट्या हजेरीचा प्रश्न

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. गाव तालुक्याचे. वडील नोकरदार, वीस वर्षांचे जुने कार्यकर्ते. आई घर सांभाळून शिवणकाम करणारी. मुलगी नुकतीच अकरावीत गेलेली. क्लासवाल्यांनी सांगितले, ‘महाविद्यालयाची काळजी करू नका. प्रवेश अमुक ठिकाणी घ्या. तिथे जावे लागत नाही, हजेरी लागते. प्रात्यक्षिकाचे गुणही मिळतात.’ शुल्क थोडे अधिक होते, ते वडिलांनी भरले. दोन महिन्यांनी जेवताना मुलीने विचारले, ‘बाबा, मी त्या कॉलेजात कधी गेलेच नाही. मग तिथल्या हजेरीपत्रकात मी रोज हजर कशी?’ वडील म्हणाले, ‘सगळेच तसे करतात गं. तू अभ्यासाकडे लक्ष दे.’

हे घर कल्पनेतले आहे, पण अनोळखी नाही. ‘सगळेच तसे करतात’ हे वाक्य त्या जेवणाच्या पाटावर एक मोठा धडा शिकवून गेले. सोळाव्या वर्षी, आयुष्याच्या पहिल्या महत्त्वाच्या टप्प्यावर, वडिलांच्या सहीने आणि पैशाने त्या मुलीने एक शासकीय असत्य स्वीकारले. उद्या ती डॉक्टर झाली आणि न तपासलेल्या रुग्णाच्या कागदावर सही करू लागली, तर दोष कोणाला द्यायचा? रस्त्याचे डांबर खाणारा अभियंता आकाशातून पडत नाही. त्याची पहिली खोटी नोंद कुठेतरी कोणीतरी खपवून घेतलेली असते. चारित्र्यसंपन्न समाजाची भाषा बोलणाऱ्या घरांनी तरी हा हिशेब स्वतःशी मांडलाच पाहिजे.

या व्यवहाराची शासनाला कल्पना नाही असे नाही. राज्य शासनाने २०१८ मध्ये मोठ्या शहरांच्या विभागांतील कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश दिला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२४ मध्ये अशा नामधारी प्रवेशांबद्दल अनेक शाळांची संलग्नता काढून घेतली. तरीही हा बाजार चालू राहिला, कारण त्याला गिऱ्हाईक मिळत राहिले. आणि ते गिऱ्हाईक म्हणजे पालक.

यामागे आणखी एक कारण आहे. वैद्यकीय प्रवेशात सरकारी महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात आणि महाराष्ट्राच्या कोट्यासाठी, काही अपवाद वगळता, दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. म्हणून मूल राहते राजस्थानातील कोट्याला आणि नाव असते इथल्या एखाद्या महाविद्यालयात. नियमाचा उद्देश इथे शिकलेल्या मुलांना संधी देण्याचा. त्याचा उपयोग होतो न शिकताच शिकल्याचे दाखवण्यासाठी.

पालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ‘महाविद्यालयांत शिकवतच नाहीत, मग मुलाचे पाच तास तिथे का वाया घालवायचे?’ ही तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे. परंतु तिच्यावर उपाय खोटी हजेरी हा नव्हे. प्रवेशापूर्वी त्या महाविद्यालयात जाऊन प्रयोगशाळा पाहावी, शिक्षकांना भेटावे, दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना तास होतात का हे विचारावे. तास होत नसतील तर दहा पालकांनी एकत्र येऊन प्राचार्यांकडे जावे. एवढे शुल्क भरणारा पालक तेवढा प्रश्न विचारायला का कचरतो? आणि ज्यांना पूर्णवेळ तयारीच हवी आहे, त्यांना बारावीनंतरचे एक वर्ष उघडपणे त्यासाठी देता येते. सीईटी आणि नीट पुन्हा देता येतात. अ‍ॅडव्हान्स्डची दुसरी संधीही त्याच वर्षी असते. सरळ मार्ग थोडा लांबचा असेल, पण तो आहे.

महाविद्यालयात न जाणाऱ्या मुलाचे व्यावहारिक नुकसानही होते. द्रावणाचा रंग बदलताना ज्याने डोळ्यांनी पाहिला नाही, त्याला रसायनशास्त्र केवळ पाठ करावे लागते. निरनिराळ्या परिस्थितीतून आलेले सोबती त्याला भेटत नाहीत. त्याचे जग क्लास, डबा आणि गुणपत्रक एवढ्यापुरते उरते.

संथा आणि आवृत्ती

आता अभ्यासाचा मुद्दा. आपल्या वेदपाठशाळांत गुरू संथा देत आणि शिष्य ती न पाहता म्हणून दाखवत असे. पुस्तक उघडून पुन्हा पुन्हा डोळे फिरवणे याला आवृत्ती म्हणत नसत. मिटल्या पुस्तकाने आठवणे म्हणजे आवृत्ती. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकलेल्यातील बराच भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतो आणि ठराविक अंतराने उजळणी केली तर तो टिकतो, हे त्यातून पुढे आले. नंतरच्या संशोधनाने यात भर घातली, की पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेणे अधिक काळ स्मरणात ठेवते. परंपरेने अनुभवातून जे पकडले होते, त्याला प्रयोगाने दुजोरा दिला.

याचा घरातला अर्थ सोपा आहे. विज्ञान न शिकलेली आईसुद्धा या अभ्यासात मोलाची मदत करू शकते. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे तिने एवढेच म्हणावे, ‘आज काय शिकलास ते पुस्तक न बघता मला सांग.’ तिला समजले की नाही हा प्रश्न नाही. सांगताना मुलाला आपले अडखळणे कळते. तीच संथा. एखादा धडा आज, तीन दिवसांनी, पंधरा दिवसांनी आणि महिन्याने असा चार वेळा आठवला गेला, तर परीक्षेच्या आदल्या रात्री जागरणाची वेळ येत नाही.

दुसरे साधन चुकांच्या वहीचे. सराव परीक्षा झाली की बहुतेक घरांत एकच विचारणा होते: ‘किती मिळाले?’ त्याऐवजी ‘कुठे चुकले?’ असे विचारावे. चुका साधारणपणे चार प्रकारच्या असतात. संकल्पनाच कळली नव्हती. कळली होती पण आठवली नाही. प्रश्न नीट वाचला नाही किंवा आकडेमोड चुकली. आणि वेळ पुरला नाही. प्रत्येकीचा उपाय वेगळा. पहिलीसाठी शिक्षक, दुसरीसाठी उजळणी, तिसरीसाठी सावधपणा आणि चौथीसाठी घड्याळ लावून केलेला सराव. वहीत दर आठवड्याला या चार रकान्यांत नोंद झाली, तर दोन महिन्यांत मुलाचे स्वतःचेच निदान त्याच्या हाती येते. गुण वाढवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही आणि त्याला शुल्क लागत नाही.

पुस्तकांचा डोंगर रचू नये. सीईटीसाठी राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके आणि नीटसाठी, विशेषतः जीवशास्त्राला, एनसीईआरटीची पुस्तके हा पाया. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने वैद्यकीय शाखेचा विचार ठेवला असेल, तर एनसीईआरटीचे पुस्तक अकरावीतच हाती घ्यावे. त्यानंतर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका. दहा पुस्तके एकदा चाळण्यापेक्षा एक पुस्तक पाच वेळा मुरवणे श्रेयस्कर.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या पालकांना भाषेची भीती वाटते. ती अनाठायी आहे. नीट २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते. २०२१ पासूनच मराठीतून अभियांत्रिकी शिकण्याचीही सोय राज्यात सुरू झाली. ज्याने संकल्पना मातृभाषेत पक्की केली, त्याला इंग्रजी संज्ञा शिकायला काही महिने पुरतात. वहीच्या डाव्या बाजूला ‘संवेग’ आणि उजव्या बाजूला ‘मोमेंटम’ लिहिणारा विद्यार्थी दोन्ही तीरांवर सहज वावरतो.

घराची दिनचर्या

मुलाने अभ्यास करावा म्हणून सारे घर श्वास रोखून बसते आणि बैठकीच्या खोलीत मात्र मोठ्यांची मालिका चालूच असते, असे दृश्य विरळ नाही. मुलाच्या हातातला भ्रमणध्वनी काढून घ्यायचा आणि वडिलांनी रात्री अकरापर्यंत स्वतःच्या फोनवरचे संदेश पुढे पाठवत बसायचे, हे उपदेशाचे हसे आहे. घराने एक नियम करावा: रात्री साडेनऊनंतर सर्वांचे फोन एका कपाटात. नियम सर्वांना सारखा असला की त्याला शिक्षेचे रूप राहत नाही.

या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. पहाटे चारला उठवलेला मुलगा रात्री आठला झोपत असेल तर उत्तम; तो साडेबाराला झोपत असेल, तर ती पहाट त्याच्या मुळावर येते. आणि रोजचा एक तास मैदानाचा असावा. ‘बारावीचे वर्ष आहे, शाखा बंद’ असे अनेक स्वयंसेवकांच्याही घरांत ठरते. वास्तविक त्याच वर्षी त्या एका तासाची गरज सर्वांत अधिक असते. घाम येतो, मित्र भेटतात, मनमोकळे हसणे होते आणि परत आलेला मुलगा दोन तास अधिक बसू शकतो.

तुलना हा घरातला सर्वांत सूक्ष्म छळ आहे. ‘आत्याच्या मुलाला अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल’ हे वाक्य उच्चारायला दोन क्षण लागतात आणि मुलाच्या मनातून ते दोन वर्षे जात नाही. तुलना करायचीच असेल तर त्याच्या मागच्या महिन्याच्या वहीशी करावी.

कार्यकर्त्याचे घर

आता थोडे अवघड बोलायचे, पण ते आपल्याच माणसांत बोलले पाहिजे. ज्याची संध्याकाळ बैठकांत आणि रविवार प्रवासात जातो, त्या कार्यकर्त्याला वस्तीतल्या अभ्यासिकेतील तीस मुलांची नावे तोंडपाठ असतात. त्याच्या स्वतःच्या मुलीला कोणता विषय जड जातो, हे विचारले तर तो पत्नीकडे पाहतो. समाजाचा संसार करताना घरातला संसार एकट्या गृहिणीवर टाकला जातो. ती तो बिनतक्रार सांभाळते, म्हणून तो अन्याय ठरत नाही असे नव्हे.

मुलांना वडिलांच्या कामाचा अभिमान असतो, परंतु वडिलांचा वेळही हवा असतो. कुटुंब प्रबोधनाच्या कामात आठवड्यातून एकदा साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून, एकत्र जेवून मोकळा संवाद करावा असे सांगितले जाते. इतरांच्या घरी जाऊन ते सांगणाऱ्याने आपल्या घरी ते पाळावे, ही किमान अपेक्षा. त्या बैठकीत परीक्षेचा विषय निघू नये. किंवा निघालाच तर मुलाने काढावा. वडिलांनी आपली एखादी फसलेली परीक्षा, हुकलेली नोकरी सांगावी. आपल्या बापालाही अपयश आले होते आणि तरी तो ताठ उभा आहे, हे कळणे मुलाच्या दृष्टीने कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचे आहे.

कागदपत्रे हेही पालकांचे काम

मुलाने अभ्यास करायचा, तर कागदपत्रांची धावपळ पालकांनी करायची, अशी कामाची वाटणी हवी. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच जिल्हा पडताळणी समितीकडे करावा. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या किंवा महसुली नोंदी शोधण्यात महिने जातात. अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र यांच्या मुदती तपासाव्यात. केवळ एका कागदापायी मिळालेली जागा गमावणारी मुले दरवर्षी दिसतात. त्यांच्या दोन वर्षांच्या श्रमांवर पालकांच्या दोन महिन्यांच्या आळसाने पाणी पडते.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. ‘पैसे नाहीत’ म्हणून हुशार मुलीला जवळच्या कुठल्यातरी महाविद्यालयात घालण्यापूर्वी या सवलतीची चौकशी करावी.

शुल्क भरण्यापूर्वी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही पाहाव्यात. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणीवर्गात घेऊ नये, गुणांची वा क्रमांकाची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत आणि मध्येच सोडणाऱ्याचे उरलेले शुल्क हिशेबाने परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. सहावीपासून ‘फाउंडेशन’ लावणाऱ्या पालकांनी पहिला मुद्दा दोनदा वाचावा.

वैराग्य म्हणजे काय

गीतेतील दुसरा उपाय राहिला. वैराग्य म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. यथाशक्ती प्रयत्न करून फळाचा हट्ट सोडणे म्हणजे वैराग्य. घराच्या भाषेत त्याचा अर्थ असा: निकाल काहीही लागो, या घरातले तुझे स्थान आज जे आहे तेच उद्या असेल, हे मुलाला निकालापूर्वी आणि स्पष्ट शब्दांत सांगणे.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यवार यादीत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. ही सारी मुले प्रवेशपरीक्षांची होती असे नाही, आणि प्रत्येक घटनेमागे अनेक कारणे असतात. परंतु आपल्याच राज्याचे नाव त्या यादीत सर्वांत वर असावे, ही गोष्ट प्रत्येक घराने मनावर घ्यावी. मूल एकाएकी अबोल झाले, जेवण-झोप बिघडली, आवडती माणसे टाळू लागले, ‘माझा काही उपयोग नाही’ असे म्हणू लागले, तर त्याला उपदेश करू नये. जवळ बसावे, सरळ विचारावे, ऐकून घ्यावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते. ताप आला तर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नसतो. मग मन तापले तर कसला कमीपणा?

वैराग्याची दुसरी बाजू म्हणजे दुसरी वाट आधीच पाहून ठेवणे. डॉक्टर आणि संगणक अभियंता यांपलीकडे राष्ट्राला माणसे लागतच नाहीत, असे आपल्या वर्गाने ठरवून टाकले आहे. मूलभूत विज्ञान, कृषी, कायदा, वास्तुकला, परिचर्या, शिक्षक-प्रशिक्षण ही दालने उघडी आहेत. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सामायिक परीक्षा आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि तिची दारे आता मुलींनाही खुली आहेत. देशाच्या सीमेवर मराठी अधिकारी हवेत असे भाषणात म्हणणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या घरी त्या परीक्षेचा अर्ज आणतात?

आणि फळाचा हट्ट सुटला की गैरमार्गाचा मोहही सुटतो. २०२४ च्या नीट परीक्षेतील पेपरफुटीने देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी जूनपासून सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्रीय कायदा लागू झाला आणि संघटितपणे हे कृत्य करणाऱ्यांना पाच ते दहा वर्षांचा कारावास व किमान एक कोटी रुपये दंड ठरला. कायदा विकणाऱ्याला पकडील. पण कोणी विकत घेणारा असतो म्हणून विकणारा असतो. बावीस लाखांत एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीचा क्रमांक अशा खरेदीने मागे जातो. हे पाप नुसते कायद्याच्या पुस्तकातले नाही.

ज्यांना खोली नाही त्यांच्यासाठी

अखेरचा मुद्दा आपल्या घराबाहेरचा. ज्या मुलाला वेगळी खोली, टेबल आणि दिवा आहे, त्याच्याविषयी एवढा वेळ बोलणे झाले. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांसह राहणारा मुलगाही त्याच दिवशी तीच प्रश्नपत्रिका सोडवतो. सेवावस्त्यांतील अभ्यासिका त्याच्यासाठी आहेत. संध्याकाळी सहा ते दहा उघडी असणारी एक शांत खोली, चार दिवे, जुन्या प्रश्नपत्रिका आणि आठवड्यातून दोनदा येऊन शंका सोडवणारा एखादा निवृत्त शिक्षक वा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, एवढ्यावर ती चालते. ज्या घरातले मूल प्रवेश मिळवून पुढे गेले, त्या घराने आपली पुस्तके आणि चुकांची ती वही अभ्यासिकेला द्यावी. आपल्या मुलानेही तिथे आठवड्यातून एक तास शिकवावे. शिकवताना जितके पक्के होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही आणि आपल्या यशात समाजाचा वाटा आहे, हे त्याला न सांगता कळते.

आता त्या तालुक्याच्या घराकडे वळावे. मुलीचा प्रश्न वडिलांना त्या रात्री झोपू देत नाही. समजा, दुसऱ्या दिवशी ते बैठकीला न जाता मुलीला घेऊन गावातल्या नियमित तास होणाऱ्या महाविद्यालयात जातात, बदलीचा अर्ज भरतात आणि क्लास संध्याकाळचा करून घेतात. भरलेल्या शुल्कातला काही भाग बुडतो. मुलीच्या गुणांत त्यामुळे दहा-वीस गुणांचा फरक पडेल की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. पण हजेरीपत्रकात जिथे तिचे नाव असेल तिथे ती खरोखर बसलेली असेल, आणि आपले वडील चुकले तेव्हा त्यांनी चूक मान्य करून ती सुधारली, हे ती जन्मभर विसरणार नाही.

प्रवेशपरीक्षा तीन तासांची असते. तिच्या आधीची दोन वर्षे ज्या घरात जातात, त्या घराची परीक्षा रोजच चालू असते. तिथे हजेरी मात्र खरी लागली पाहिजे.